हर्ट्झ नेमके कशाचे?

प्रश्न : मोटरच्या पाटीवर ५० हर्ट्झ (सेकंदाला आवर्तने) आणि १४४० आरपीएम (मिनिटाला फेरे) असे दोन्ही छापले आहे. ५० ला ६० ने गुणले तर ३००० येतात. पाटी चुकली आहे का?

उत्तर : पाटी बरोबर आहे आणि तुमचा गुणाकारही बरोबर आहे. ५० हर्ट्झ ही विजेची वारंवारता आणि १४४० हा शाफ्टचा (फिरणाऱ्या दांड्याचा) वेग, म्हणजे आकडे दोन वेगळ्या गोष्टींचे आहेत. तुमची मोटर चार पोलची (चुंबकीय ध्रुवांची) असणार. अशा मोटरमध्ये विजेच्या एका आवर्तनात चुंबकीय क्षेत्र अर्धाच फेरा घेते. म्हणून १२० गुणिले हर्ट्झ भागिले पोल, म्हणजे १५०० आरपीएम हा क्षेत्राचा वेग. रोटर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, त्याच्या थोडा मागे राहतो. मागे राहिला नाही तर त्यात प्रवाहच निर्माण होणार नाही. ६० फेऱ्यांची ही तूट म्हणजे ४ टक्के स्लिप.

शाफ्टचे हर्ट्झ हवे असतील तर १४४० ला ६० ने भागा : २४. कंपन तपासताना हाच आकडा धरायचा. रोटरचा तोल गेला असेल तर कंपनाचा जोर २४ हर्ट्झवर दिसतो, ५० वर नाही. कंपन पटींवरही दिसू शकते : शाफ्टच्या २४ ची चौपट ९६ आणि विजेच्या ५० ची दुप्पट १००. हे दोन शेजारी येतात आणि कंपनाची नोंद तोकडी असली की एकमेकांत मिसळतात. नोंद जितक्या सेकंदांची, १ भागिले तितके हर्ट्झ एवढाच बारकावा मिळतो. ०.१ सेकंदाच्या नोंदीत १० हर्ट्झ, २ सेकंदांच्या नोंदीत अर्धा हर्ट्झ. तेव्हा घाई करू नका, निदान २ सेकंद नोंद घ्या.

चमकपट्टीवरून फेरे मोजणाऱ्या टॅकोमीटरने १४४० ऐवजी २८८० दाखवले, तर आधी शाफ्टवर चमकपट्टीचा जुना तुकडा राहून गेला आहे का ते पाहा; दोन पट्ट्या असल्या की एक फेरा दोनदा मोजला जातो.

प्रश्न : २ पायने (२π) कधी गुणायचे?

उत्तर : सूत्रात कोनीय वेग असेल तेव्हा. एक फेरा म्हणजे २ पाय रेडियन, म्हणून २४ हर्ट्झचे १५०.८ रेडियन प्रति सेकंद होतात. १५०० वॅटच्या मोटरचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) १५०० भागिले १५०.८, म्हणजे सुमारे ९.९५ न्यूटन-मीटर. २४ ने भागलेत तर ६२.५ येईल आणि त्यावर निवडलेले कपलिंग (दोन शाफ्ट जोडणारा भाग) विनाकारण अवजड होईल. ही चूक एकके तपासूनही सापडत नाही, कारण रेडियनला परिमाण नसते. दोन्हीकडे ‘प्रति सेकंद’ एवढेच उरते. म्हणून आकड्यापुढे फेरे की रेडियन हे दर वेळी लिहाच.

प्रश्न : ऑसिलोस्कोपवर (विजेची लहर पडद्यावर दाखवणाऱ्या उपकरणावर) एक आवर्तन २ मिलिसेकंदांचे दिसते. वारंवारता किती?

उत्तर : ५०० हर्ट्झ. १ भागिले २ करून येणारे ०.५ हे किलोहर्ट्झ असतात, कारण मिलिसेकंद उलटला की किलोहर्ट्झ मिळतो आणि मायक्रोसेकंद उलटला की मेगाहर्ट्झ. पडद्यावर एकच आवर्तन मोजू नका. दहा आवर्तनांचा वेळ घेऊन दहाने भागा; रेघ वाचण्यातली चूक दहा पटींनी कमी होते.