जुन्या बेसिक भाषेचा इंटरप्रिटर (प्रोग्रॅम वाचत वाचत लगेच चालवणारा प्रोग्रॅम) पायथॉनमध्ये लिहितोय, पण 'गोटू'पाशी, म्हणजे दिलेल्या ओळीवर उडी मारायच्या आज्ञेपाशी, अडलोय. काय करू?

तुम्ही लिहिलंय की पार्सर (कोडची रचना ओळखणारा भाग) लिहून अख्ख्या प्रोग्रॅमचा ट्री (फांद्यांसारखी रचना) बनवला आणि 'गोटू' आल्यावर उडी कुठे मारायची ते कळेना. साहजिक आहे. ट्री एक्स्प्रेशनपुरता, म्हणजे गणिती मांडणीपुरता ठेवा, बाकीचा काढून टाका. जुन्या बेसिकच्या प्रोग्रॅमला ब्लॉक असे नसतातच, असतात फक्त क्रमांक दिलेल्या ओळी.

त्यामागे कारण आहे. डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कर्ट्झ यांनी १९६४ मध्ये बेसिक आणली तेव्हा ती चक्क कंपाइल होऊन, म्हणजे आधी मशीनच्या भाषेत उतरून चालायची. इंटरप्रिटरची चलती झाली ती छोट्या मशीनमुळे. १९७५ मध्ये आल्टेअर या छोट्या कॉम्प्युटरची बेसिक ४ किलोबाइट मेमरीत बसवली होती, तिथे ट्री ठेवणार कुठे? म्हणून प्रोग्रॅमचा मजकूरच मेमरीत ठेवायचा, फक्त प्रत्येक कीवर्डच्या जागी एका बाइटचा टोकन, म्हणजे खुणेचा आकडा.

आधी एकच बोली निवडा. आपल्याकडे शाळा-क्लासमध्ये अनेकांनी जीडब्ल्यू-बेसिक पाहिलेली असते, पण मी कमोडोर ६४ या जुन्या घरगुती कॉम्प्युटरची बेसिक सुचवेन. ती आटोपशीर आहे, आणि व्हाइस हा एमुलेटर (कमोडोरची नक्कल करणारा प्रोग्रॅम) शेजारी उघडून तुमचं उत्तर लगेच ताडून पाहता येतं.

आता गाभा. क्रमांक आणि त्याची टोकन केलेली ओळ अशी डिक्शनरी घ्या, क्रमांकांची सॉर्ट केलेली लिस्ट वेगळी ठेवा. चालवताना लक्षात ठेवायच्या गोष्टी दोनच: कोणती ओळ आणि त्या ओळीतला कितवा टोकन. 'गोटू' म्हणजे ही जागा बदलणं. 'गोसब' म्हणजे बदलण्याआधी ती स्टॅकवर (शेवटी ठेवलेलं आधी निघणारी चळत) ठेवणं, 'रिटर्न' म्हणजे तिथून परत उचलणं. झालं.

खरी मजा 'फॉर'मध्ये, म्हणजे 'नेक्स्ट'पर्यंतच्या ओळी पुन्हा पुन्हा चालवणाऱ्या लूपमध्ये आहे. 'फॉर' दिसला की व्हेरिएबल, शेवटची किंमत, स्टेप आणि 'फॉर'नंतरची जागा स्टॅकवर टाका आणि पुढे चला. 'नेक्स्ट' कुठे आहे ते शोधायचं नाही. तो भेटेल तेव्हा स्टेप मिळवायची, मर्यादा ओलांडली नसेल तर साठवलेल्या जागी परत जायचं. त्यामुळे एका 'फॉर'ला दोन 'नेक्स्ट' चालतात, 'इफ'च्या मागे 'नेक्स्ट' चालतो. लोक लूपच्या मधूनच 'गोटू'ने पळ काढायचे, तेव्हा नोंद स्टॅकवर तशीच पडून राहते. त्याच व्हेरिएबलचा 'फॉर' पुन्हा आला की जुनी नोंद आणि तिच्या वरच्या सगळ्या फेकून द्या, नाहीतर मोठा खेळ चालवताना स्टॅक फुगत जाईल.

याच रचनेमुळे १ ते ० असा लूप कमोडोरवर एकदा तरी चालतोच, कारण तपासणी होते ती 'नेक्स्ट'पाशी. जीडब्ल्यू-बेसिक 'फॉर'पाशीच जोडीचा 'नेक्स्ट' शोधून ठेवते, म्हणून तिथे तो एकदाही चालत नाही. तिचा मूळ असेंब्ली सोर्स मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये खुला केलाय, कधीतरी चाळा.

कमोडोरच्या टोकनायझरला (ओळीचे टोकन पाडणाऱ्या भागाला) जागा सोडलेली कळत नाही, ओळखीचा कीवर्ड दिसला की तो तोडतो. म्हणून 'टोटल' नावाचं व्हेरिएबल चालत नाही, स्पेलिंगच्या सुरुवातीलाच 'टू' सापडतो. शिवाय नावाची पहिली दोनच अक्षरं धरली जातात, त्यामुळे 'प्राइस' आणि 'प्रॉफिट' हे एकच व्हेरिएबल! जुने प्रोग्रॅम जसेच्या तसे चालवायचे तर हा विचित्रपणाही उतरवावा लागेल.

किरकोळ गोष्टी: तुलना खरी ठरली तर उत्तर १ नाही, −१. उणे २ चा वर्ग लिहिला तर −४ येतो, कारण घात आधी, उणे नंतर. धन संख्या छापताना पुढे चिन्हाची एक जागा सुटते, आणि दशांश ९ अंकांपर्यंतच दाखवायचे, ०.१ + ०.२ चं पायथॉनचं उत्तर ०.३०००००००००००००००४ तिथे शोभणार नाही.

मेमरीचं घर वाचणाऱ्या 'पीक' आणि त्यात लिहिणाऱ्या 'पोक'साठी तूर्त ६५,५३६ घरांची लिस्ट ठेवून वाचा-लिहा, एवढं पुरे. 'पोक ५३२८०' ने स्क्रीनची किनार रंगवायची हौस नंतर भागवता येईल.