कूपनचा नाद करा, पण घर सांभाळून

कूपन-ऑफरच्या नादात नवीन आहेस ना गं, म्हणून सांगते, पहिल्याच महिन्यात सगळ्या ऑफर धरायला जाऊ नकोस. मी गेलेले. रात्री १२ ला सेल चालू होणार म्हणून मोबाईल घेऊन बसायचे आणि सकाळी पोरीच्या डब्याची बोंब, त्यात एकदा एकावर एक फ्री बघून शेवयांची १२ पाकिटं आणली, ६ किडे होऊन टाकून दिली, सासूबाई अजून तो विषय काढतात.

आता रविवारी कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरीच्या बाजारात भाजी नि कडधान्य, नवऱ्याला पिशव्या धरायला घेऊन, आणि मोबाईलवरच्या ऑफर फक्त बुधवारी पोरं झोपल्यावर अर्धा तास, बास. फ्रीजवर यादी चिकटवलीय, त्यात नसेल तर ७० टक्के सूट असली तरी घ्यायचं नाही. पाकिटावर एमआरपीच्या आसपास ग्रॅममागं किंमत बारीक अक्षरात असते, ती आधी बघ, मोठं पाकीट दरवेळी स्वस्त पडतंच असं नाही. ४० रुपये डिलिव्हरी वाचवायला २०० चं जादा सामान घेणं तर साफ येडेपणा.

आणि वाचलेले पैसे घरच्यांना दिसू देत हां! आम्ही डब्यात टाकतो, महिनाअखेरीला रंकाळ्यावर भेळ, मग कोण कुरकुरत नाही.