वाघ्यासाठी पैसे मागायला लाज वाटते

मावशी, मी सेलू तालुक्यातली, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या वाघ्या कुत्र्याला लघवीच्या जागी गाठ आलीय, रक्त टपकतं. डॉक्टरांनी कॅन्सर सांगितला, कागदावर 'टीव्हीटी' लिहिलं. दर आठवड्याला इंजेक्शन, तपासण्या, सगळे मिळून नऊ-दहा हजार म्हणाले. सोयाबीनचे पैसे उधारीतच गेले. बाबांना आकडा सांगितला नाही. भाऊ म्हणतो, माळावर सोडून ये. कानातले मोडू का? कुत्र्यासाठी पैसे मागितले तर लोक हसतील.

पोरी, कानातले कानातच राहू दे.

'कॅन्सर' वाचून मलाही धस्स झालं, पण पुढं टीव्हीटी वाचलं आणि जीव भांड्यात पडला. ही गाठ जुगताना एका कुत्र्याकडून दुसऱ्याला लागते, आणि औषधाला चांगली दाद देते. व्हिनक्रिस्टिनचं इंजेक्शन आठवड्यातून एकदा, बहुतेकदा चार ते सहा वेळा. दोन-तीन इंजेक्शनांत गाठ आक्रसली की पुढचे पैसे वाचवावेसे वाटतील. तसं करू नको, डॉक्टर 'बस' म्हणेपर्यंत जात राहा. प्रत्येक वेळी आधी रक्त तपासतात, कारण या औषधानं पांढऱ्या पेशी कमी होतात. आणि ते शिरेतच जावं लागतं, बाहेर झिरपलं तर तिथं जखम चिघळते. म्हणून ओळखीच्या कंपाउंडरकडून घरी टोचून घेऊ नको. त्या दिवसांत त्याचं मूत साफ करताना हातमोजे घाल.

आता पैशाचं. लोकांकडं जायच्या आधी परभणीच्या सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयात जा. तिथं शिकवणीचा दवाखाना आहे, खाजगीपेक्षा खर्च बराच कमी येतो. (लातूरकडच्यांना उदगीरचं कॉलेज जवळ पडतं.) आधी फोन करून वेळ विचार. औषध बाहेरून आणायला सांगितलं तर चिठ्ठी घेऊन माणसांच्या कॅन्सरची औषधं ठेवणाऱ्या मेडिकलमध्ये चौकशी कर, हे तेच औषध आहे. भाजी घेऊन परभणीला जाणारा एखादा छोटा हत्ती गावात असेलच, वाघ्याला त्यात बसव.

एवढं करून जो आकडा उरेल, तेवढाच माग. आईच्या बचत गटातून कर्ज मिळतं का बघ. सावकाराच्या दारात मात्र पाऊल टाकू नको. मैत्रिणींच्या ग्रुपवर वाघ्याचा फोटो, डॉक्टरांचा कागद आणि नेमकी रक्कम टाक. कुणी किती दिले आणि कशावर खर्च झाले, ते वहीत लिहून त्याच ग्रुपवर दाखव.

हसतील म्हणतेस. दोन-चार हसतीलही. पण तूच पत्रात लिहिलंयस की रात्रीची लाईट आली की बाबा पाणी द्यायला निघतात, वाघ्या पुढं चालतो, आणि मागच्या पावसाळ्यात बांधावर साप होता तिथं तो भुंकत अडून राहिला. हे जसंच्या तसं लिही. ज्यांच्या घरचा माणूस रात्री मोटार चालू करायला जातो, त्यांना पुढचं समजावावं लागणार नाही. आणि खंडोबाच्या पायाशी कुत्रं असतं, हे माळेगावच्या यात्रेला जाणाऱ्या आपल्या माणसांना कुणी शिकवावं लागत नाही. भावालाही सांग, माळावर सोडलं तर ती गाठ दुसऱ्या कुत्र्यांनाही लागेल. बरा झाला की त्याची नसबंदी करून घे.

बाबांपासून मात्र लपवू नको. आज रात्री ते बॅटरी घेऊन निघाले की तूही सोबत जा, आणि वाटेत आकडा सांग.