तीन पत्तीचा हिशेब पोकरला का चालत नाही?

प्रश्न : दिवाळीला पुण्याहून आलेल्या भाचरांनी आम्हांला पोकर शिकवला. तीन पत्ती लहानपणापासून खेळत असल्याने तो सहज जमेल असे वाटले होते. परंतु माझी पंजीपासून नव्वीपर्यंतची सिक्वेन्स (ओळीने येणारी पाने) असताना भाच्याने पाच बदाम दाखवून डाव नेला. पुढच्या डावात खाली, सर्वांसाठी मांडलेल्या पानांत, एक्का, राजा, राणी, नव्वी आणि चौकी होती. माझ्याकडे इस्पिकचा राजा व सत्ती, भाचीकडे चौकटचा राजा व तिर्री. तरीही डाव बरोबरीत धरला. हे नियमाला धरून आहे काय?
— एक वाचक, सेलू (जि. परभणी)

उत्तर : भाचरांनी आपल्याला फसवलेले नाही, दोन्ही निकाल योग्य आहेत.

जो हात मुश्किलीने लागतो तो वरचा, हे दोन्ही खेळांचे मूळ तत्त्व आहे. फरक पडतो तो पानांच्या संख्येमुळे. बावन्न पानांतून तीन पाने 22,100 प्रकारे येऊ शकतात आणि त्यांत साधी सिक्वेन्स 720 वेळा, तर कलर (ओळीने नसलेली, पण सगळी बदाम किंवा सगळी इस्पिक अशी एकाच रंगाची पाने) 1,096 वेळा लागतो. म्हणून तीन पत्तीत सिक्वेन्स भारी. पाच पानांचे एकूण 25,98,960 हात होतात आणि तेथे पारडे फिरते : साध्या सिक्वेन्स 10,200, तर कलर अवघे 5,108. पोकरमध्ये कलर सिक्वेन्सला मारतो तो यामुळेच. (तीन पत्तीतही हे तत्त्व काटेकोर पाळलेले नाही. ट्रेल, म्हणजे एकाच किमतीची तीन पाने, 52 प्रकारे लागते आणि शुद्ध, म्हणजे एकाच रंगाची, सिक्वेन्स 48 प्रकारे, तरीही मान ट्रेललाच!)

पोकरचा चढता क्रम असा : नुसते मोठे पान, एक जोडी, दोन जोड्या, एकाच किमतीची तीन पाने, सिक्वेन्स, कलर, फुल हाउस म्हणजे तीन पाने आणि एक जोडी, एकाच किमतीची चार पाने आणि सर्वांत वर एकाच रंगाची सिक्वेन्स, दश्शीपासून एक्क्यापर्यंतची अशी सिक्वेन्स म्हणजे रॉयल फ्लश. दोघांचेही फुल हाउस असल्यास आधी तीन सारख्या पानांची किंमत पाहतात, जोडीची नंतर. त्यामुळे तीन नव्व्या आणि दोन दुर्ऱ्या हा हात तीन अठ्ठ्या आणि दोन एक्क्यांना हरवतो.

आता बरोबरीचा डाव. आपण खेळलात त्या प्रकारात हातातील दोन आणि खालची पाच अशा सात पानांतून उत्तम पाचच पाने निवडायची असतात. आपली पाच पाने झाली राजा, राजा, एक्का, राणी आणि नव्वी. भाचीचीही नेमकी तीच. आपली सत्ती तिच्या तिर्रीपेक्षा मोठी असली तरी ती पाचांत बसतच नाही, मग मोजायची कशी? खाली नव्वीऐवजी छक्की असती, तर आपली सत्ती पाचवे पान ठरून डाव आपलाच झाला असता. इस्पिक, बदाम, चौकट, किलवर यांत लहानमोठे काही नसल्याने इस्पिकच्या राजाचा येथे फायदा नाही.

एक्क्याबाबतही घोटाळा होतो. तीन पत्तीत एक्का-दुर्री-तिर्री ही बहुतेक ठिकाणी दुसऱ्या क्रमांकाची सिक्वेन्स धरतात. पोकरमध्ये एक्क्यापासून पंजीपर्यंतची सिक्वेन्स सर्वांत लहान असते, आणि राणी-राजा-एक्का-दुर्री-तिर्री अशी वळसा घालून केलेली सिक्वेन्स मुळीच चालत नाही.