गोळ्या कमी झाड, सराव रोज कर

नवी एअर पिस्तुल घेतलीस, छान. आता लगेच पेलेटचे, म्हणजे छऱ्यांचे, डबे रिकामे करायला निघू नकोस. रविवारी रेंजवर तीन तास घालवून आठवडाभर सुट्टी, असं आपल्या नाशकात बरेच जण करतात. त्यापेक्षा रोज घरी वीस मिनिटं ड्राय प्रॅक्टिस, म्हणजे पेलेट न भरता सराव, कर. पिस्तुल रिकामी आहे याची आधी स्वतः खात्री कर आणि पेलेटचा डबा दुसऱ्या खोलीत ठेव.

समोर पांढरी भिंत, टार्गेट नको. हात उचल, पुढची साईट (नळीच्या टोकाजवळची नेमाची खूण) मागच्या खाचेत बसव आणि नजर पुढच्या साईटवरच ठेव. ट्रिगर सावकाश दाब. सामन्याच्या पिस्तुलाचा ट्रिगर दाबायला किमान ५०० ग्रॅमचा जोर लागतो; झटका दिलास की साईट हललेली तुलाच दिसेल. भिंत खोटं बोलत नाही, टार्गेटवर मात्र नशिबानेही दहाचा शॉट लागतो! ट्रिगर सुटल्यावरही हात क्षणभर तसाच धर.

सामन्यात ७५ मिनिटांत ६० शॉट मारायचे असतात. शेवटच्या वीसमध्ये खांदा भरून येतो, म्हणून व्यायाम टाळू नकोस. थंडीत बोटं आखडतात, आधी हात चोळून घे.

स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून नेमबाजी) कांस्य जिंकलं. त्याचं सुरुवातीचं प्रशिक्षण नाशिकचंच.

बाकी नळी कायम टार्गेटच्या दिशेला आणि नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरबाहेर. यात कोणाचीही, कोचचीसुद्धा, भीड धरू नकोस. स्कोअरची वही महिनाभराने दाखव.