व्हायवाला चॅटजीपीटी शेजारी बसत नाही

हे बघ, एआय वापरूच नकोस असं मी म्हणणार नाही, कोणी ऐकतही नाही. पण असाइनमेंट त्याच्याकडून लिहून घेऊन जर्नलमध्ये उतरवलीस, तर व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, एक्स्टर्नलने (बाहेरून आलेल्या परीक्षकाने) 'कोडमधला हा लूप इथेच का थांबतो?' विचारल्यावर ततपप होतं. एमआयटी मीडिया लॅबने २०२५ मध्ये ५४ जणांकडून निबंध लिहून घेतले. त्यातल्या चॅटजीपीटी वापरून लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांना लगेचच स्वतःच्या निबंधातलं एक वाक्यही धड सांगता येईना. प्रयोग लहान आहे, पण आपल्या लॅबमध्ये हेच दिसतं.

म्हणून क्रम उलटा ठेव. आधी पंधरा मिनिटं कागदावर स्वतः झगड, चुकीचं का असेना, उत्तर लिही. मग ते एआयला देऊन सांग, 'उत्तर देऊ नकोस, पहिली चूक कुठे आहे तेवढंच दाखव.' ठाणे-वाशी लोकलमध्ये अर्धा तास मिळतो, बसायला जागा मिळाली नाही तरी चालतं. त्यात वही बंद ठेवून कालचा टॉपिक मनातल्या मनात सांगून बघ. नुसतं पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून काढलेलं जास्त टिकतं, हे एआयच्या कितीतरी आधीपासून सिद्ध झालंय.

आणि रिपोर्टसाठी संदर्भ एआयने दिले असतील तर एकेक शोधून बघ. अस्तित्वातच नसलेले पेपरही ते छातीठोकपणे सांगतं.