कबुतराची मान आणि वेगाचा आलेख

प्रिय सहकारी,

प्राण्यांच्या वागण्यातून मुलांना भौतिकशास्त्र शिकवायचं तू ठरवलं आहेस, हे फार आवडलं. यात तास नुसत्या नवलाच्या माहितीत वाहून जाण्याचा धोका असतो. चित्त्याचा वेग, पिसवेची उडी ऐकून मुलं हरखतात, पण वहीत एकही मोजमाप उतरत नाही. म्हणून प्राणी निवडताना आधी बघ, याच्या वागण्यातलं काय मुलांना स्वतः मोजता येईल?

सुरुवात कबुतरापासून कर. चालताना त्याची मान पुढे-मागे होते, असं मुलं ठामपणे सांगतील. तेच तपासायचं. जमिनीवर एक मीटरची पट्टी ठेव आणि दाणे चित्रणाच्या चौकटीबाहेर, पट्टीच्या रेषेत टाक. दाणे मध्येच पडले तर पक्षी टिपायला थांबतो आणि चाल तुटते. मोबाइल साधारण तीन मीटरवर, जमिनीलगत, पट्टीला काटकोनात स्थिर ठेव. भरपूर उजेडात, सेकंदाला 240 फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये चित्रण कर. 30 फ्रेममध्ये मानेचा झटका दोन-तीन चित्रांतच संपतो आणि आलेखात काही उरत नाही.

मग संगणकाच्या पडद्यावर पारदर्शक प्लास्टिक चिकटवून दर चौथ्या फ्रेमला डोळ्याची जागा एका रंगाने आणि छातीची दुसऱ्या रंगाने टिपायला सांग. दोन ठिपक्यांमधला काळ 1/60 सेकंद. एका सेकंदाची चाल पुरे. स्थिती-काल आलेख काढला की छातीची रेषा जवळजवळ सरळ येते, डोळ्याची मात्र पायऱ्यापायऱ्यांची. आडव्या पायरीवर डोकं जमिनीच्या संदर्भात स्थिर असतं आणि धड पुढे सरकत असतं. मग डोकं झटक्यात पुढे जातं. मागे ते जातच नाही, आपल्याला धडाच्या संदर्भात तसं भासतं. सापेक्ष गती समजवायला याहून चांगलं उदाहरण शोधावं लागणार नाही. दोन्ही रेषांचा सरासरी वेग सारखाच का येतो, हे मात्र तू सांगू नकोस. मुलांना भांडू दे. 1978 मध्ये कबुतराला ट्रेडमिलवर चालवून पाहिलं, तेव्हा भोवतालचं दृश्य सरकत नसल्यामुळे मानेची ही हालचाल जवळपास थांबली. म्हणजे डोकं स्थिर ठेवायचं ते नजर स्थिर राहावी म्हणून.

चुका ठरलेल्या आहेत. पट्टी पक्ष्याच्या रेषेत न ठेवता मागच्या भिंतीला लावली, तर वेग फुगतो: पक्षी 3 मीटरवर आणि भिंत 3.3 मीटरवर असेल तर थेट 10 टक्क्यांनी. पक्षी तिरका चालला तर वेग कमी भरतो. आणि स्लो मोशनची फाइल 30 फ्रेमने चालते म्हणून मुलं एका फ्रेमला 1/240 ऐवजी 1/30 सेकंद धरतात, मग उत्तर आठपट कमी येतं. अशी उत्तरं खोडू नकोस, कुठे चुकलं ते त्यांनाच हुडकू दे.

ध्वनीसाठी वटवाघूळ घे. इथे प्रयोग नको, गणित पुरतं. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 343 मीटर. कीटक 1.7 मीटरवर असेल तर प्रतिध्वनी यायला सुमारे 10 मिलिसेकंद लागतात, 34 सेंटीमीटरवर असेल तर फक्त 2. हाक त्याहून लांबली तर ती प्रतिध्वनीवरच चढेल. तर मग भक्ष्याजवळ जाताना वटवाघळाने काय करावं, असं विचार. हाका आखूड आणि भराभर कराव्यात, हे मुलं स्वतःच काढतात, आणि वटवाघूळ नेमकं तेच करतं.

पाण्यावर चालणाऱ्या लांब पायांच्या किड्याबद्दल एकच सूचना. मुलं त्याला तरंगणं म्हणतात आणि आर्किमिडीज आणतात; पण इथला मुख्य आधार पृष्ठताणाचा, मीटरला 0.072 न्यूटन. 10 मिलिग्रॅमच्या किड्याचं वजन 0.0001 न्यूटन धरलं तर जेमतेम दीड मिलिमीटर लांबीची संपर्करेषा पुरते. त्याचे पाय त्याहून कितीतरी लांब असतात. साबणाचा थेंब टाकून बुडवायचं ते पाण्यावर अलगद ठेवलेल्या टाचणीला, किड्याला कधीच नाही.

या तिन्हींत वेळ खाणारं काम ठिपके टिपण्याचं आहे. चित्रण आदल्या दिवशी उरकून घे आणि ठिपके व आलेख यांना सलग दोन तास माग. एका तासात कोंबलंस तर आलेख घरी जातो आणि ज्या वादासाठी हा खटाटोप, तो वर्गात होतच नाही.